चर्चमधल्या डरकाळ्या आणि न वाजलेल्या टाळ्या

चि. उन्तोस हिल्काताईचे आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? (अंगणातला बर्फ उपसताना खिडकीतून दिसतोस, म्हणजे बरी असावी.) रस्त्यापलीकडे राहणाऱ्या भावाला पत्र लिहिते आहे, कारण समोरासमोर आलो की आपण थंडीवर बोलतो आणि आपापल्या घरी जातो.

विषय तुझ्या चिरंजीवांचा. नाताळगीतांच्या संध्याकाळच्या तोंडावर आमच्या ऑर्गनवाल्या मार्केत्ताबाई घसरून मनगट मोडून बसल्या आणि पाद्रीणबाईंनी चक्क आपल्या सेवेरीच्या हेवी मेटल बँडला बोलावलं. मी गायनमंडळातली जुनी बाई. मला वाटलं, आता छताचा गिलावा डोक्यावर येणार. पण कुतूहल कुठे गप्प बसू देतं? तालमीला जाऊन त्याला विचारलं, बाबा रे, ही डरकाळी निघते कुठून? तर म्हणे घशातून नाही, पोटातून. मोठ्या मायेने शिकवलंनही. घरी भांडी घासताना करून पाहिलं. (मांजर अजून कपाटावरून उतरलेलं नाही.) आपली नाताळची गाणी मुळातच इतकी रडवी, की परका पाहुणा हळूच विचारतो, कोण गेलं? तीच गाणी ही चार पोरं ढोल बडवत गायली, तेव्हा या वयात मला पहिल्यांदा कळलं की त्यांत रडण्याइतकाच रागही आहे. एवढ्या लांबलचक अंधाराला कोणीतरी दम द्यायलाच हवा होता. आईचं आवडतं गाणं लागलं आणि मी रडले. दोन माणसांमध्ये एक बाक मोकळा ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे अगदी निवांत रडता आलं.

गाणं संपलं आणि सगळं गाव आपापल्या बुटांकडे बघत बसलं. चर्चमध्ये टाळी वाजवायची नाही, हे आपल्याला बाळकडू. पण ही पोरं मंचावरची, शिट्ट्या-टाळ्यांवर वाढलेली. नंतर दारात सेवेरी वायर गुंडाळत उभा होता. म्हणाला, "आत्या, कोणालाच नाही आवडलं गं. एक हात हलला नाही." मला सांगायचं होतं की पोरा, इतकी भरलेली शांतता मी बिशप आले होते तेव्हाही ऐकली नव्हती. तोंडातून निघालं, "पायऱ्या निसरड्या झाल्यात, जपून जा." आपल्या घराण्याची जीभ ही अशी.

आता किराणा दुकानाच्या फळ्यावर त्याची गिटार विकायची चिठ्ठी लागली आहे. लोक ती चिठ्ठी वाचतात, उसासा टाकतात, दूध घेऊन घरी जातात. काय गायला पोरगा, असं मला येऊन सांगतात. त्याला मात्र कोणी सांगत नाही. मी तरी काय केलं? भट्टीत गाजरभात भाजला, तुमच्या दाराशी ठेवला, घंटा वाजवली आणि लाकडांच्या खोपटामागे लपले. दुसऱ्या दिवशी भांडं धुऊन परत आलं. तू आणून ठेवलंस, म्हणजे खाल्लंसही तूच.

बाकी सर्व क्षेम. मांजराला खाली उतरवायचा उपाय असल्यास कळव.

तुझी,
हिल्काताई

ता. क. खरं काम राहिलंच. शनिवारी गिटारचं गिऱ्हाईक येणार आहे. त्याआधी सेवेरीला कोणीतरी सांगायला हवं आणि बाप तू आहेस.

पुन्हा ता. क. त्या संध्याकाळी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर टोपीत तोंड खुपसून बसलेला माणूस मी ओळखला. तुला बोलणं जमणार नाही, ठाऊक आहे. मला जमलं असतं तर एवढं पत्र कशाला लिहिलं असतं? तर एवढंच कर. तो वरच्या खोलीत असेल तेव्हा जिन्याखाली उभा राहा आणि टाळ्या वाजव. घरात चालतं.