वीस पॉइंट एकदम

३ मार्च
शुद्धलेखन चुकेल, माफी. एका बोटाने टाईप करतो, हळू होतं. माफी कोणाकडे मागतोय काय माहीत, वाचणार मीच.
मोठी बातमी. सायकल क्लबच्या सरांनी चोवीस तारखेच्या पॉइंट्स रेसला माझं नाव टाकलं. नुसता उभा राहिलास तरी चालेल म्हणाले. मला टेन्शन येऊ नये म्हणून. थँक्यू तीनदा म्हणालो.

४ मार्च
बाबांना सांगितलं. म्हणाले, नववीतून शाळा सोडलीस ती याच्यासाठी ना, मग दाखव. एक तरी पॉइंट आण. नाहीतर क्लबची सायकल परत आणि दुसऱ्या दिवसापासून मामाची लाँड्री.
एक? हसूच आलं. बाबांना रूल माहीत नाहीत. दर दहा लॅपला बेल, मग स्प्रिंट. पहिल्या चौघांना पाच, तीन, दोन, एक. पण ग्रुप सोडून एकटा पुढे गेला आणि पूर्ण एक लॅप जास्त मारून मागून परत ग्रुपला गाठलं, की एकदम वीस. ग्रुपनेच आपल्याला एक लॅप मागे टाकलं तर वीस मायनस. ते मी नीट वाचलं नाही, लागणार नाही.

९ मार्च
प्लॅन पक्का. पाच-तीनसाठी मारामारी करायची नाही. डायरेक्ट वीस.
प्रॅक्टिस उद्यापासून. आज गुडघा.

१० मार्च
वारा होता.

१५ मार्च
क्लबचा कॅप्टन टकल्या सगळ्यांसमोर म्हणाला, बारा पोरं भरली नाहीत तर रेस रद्द होते, अकराच होती, म्हणून तुला घेतलाय. सगळे हसले. सरसुद्धा.
घरी येऊन विचार केला. म्हणजे मी नसतो तर रेसच नसती. एवढी जबाबदारी टकल्यावर तरी आहे का?

२४ मार्च, सकाळी
पोट बिघडलंय. चांगलंच, वजन कमी. बाबा शर्टाला इस्त्री करतायत. येणार आहेत. ताई नाही, तिचे दिवस भरत आलेत.

२४ मार्च, संध्याकाळी
पहिले दोन स्प्रिंट सोडून दिले, प्लॅनप्रमाणे. मग मान खाली घालून मारत सुटलो. वर बघितलं तर पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. मी सुटलो होतो! अटॅक आपोआपच झाला. ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला ग्रुप दिसत होता. आता याला मागून गाठायचं. लोक ओरडत होते. बाबा उभे राहिले.
तेवढ्यात मागून टायरचा आवाज. ग्रुपच. दोन्ही बाजूंनी गेले. टकल्या म्हणाला, "सरक की, लग्नाला आलायस का?"
मी जीव खाऊन त्यांच्या शेपटीला चिकटलो. ग्रुपच्या मागे पोचलो म्हणजे लॅप पूर्ण, वीस पॉइंट. हात वर केला. मग दुसराही. टाळ्या एवढ्या की कानठळ्या बसल्या. पंच हात हलवत होते, बाहेर हो म्हणून. मीही हात हलवला.
मग ग्रुपने अजून एकदा तसंच मागून येऊन गाठलं. दुसऱ्यांदा हात वर करायला जोर नव्हता.
बोर्डवर शेवटचं नाव. मायनस चाळीस. सर बाबांना म्हणाले, बारा भरले, आपलं काम झालं.
 घरी आल्यावर दारात चप्पल काढताना बाबा म्हणाले, "मागे पडलास ते ठीक आहे. हात कशाला वर केलास?"


२५ मार्च
सायकल दिली. टकल्याचा धाकटा भाऊ लगेच बसला तिच्यावर. सीटसुद्धा खाली करावी लागली नाही. तो दहा वर्षांचा आहे.

२७ मार्च
लाँड्रीत हॉटेलच्या चादरी. वाफेत डोळे उघडत नाहीत. मामा म्हणाला, तुझा तो हात वर केलेला व्हिडिओ फिरतोय, गिऱ्हाईकांनी पण बघितलाय, काउंटरला येऊ नकोस, आतच थांब.
आत बरंय. कोणी बोलत नाही.
ताईला मुलगी झाली. काल सकाळीच. मला घरात कोणी सांगितलं नाही, मी स्टेटसवर बघितलं.