गुरुवारची खुर्ची

३ नोव्हेंबर, सोमवार

संघपालचा फोन. “मॅडम, गुरुवारचं परत चालू करतोय.”

गुरुवारचं म्हणजे जर्नल क्लब. दुपारी तीनला मानसोपचार विभागातले सगळे एका खोलीत. ताज्या जर्नलमधला एक लेख एकानं मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याची सालं काढायची. तीसेक वर्षं मी त्या खोलीत बसले. संघपाल माझा विद्यार्थी, त्याला मी तिथंच दोनदा रडवलं आहे. आता तो तिथला विभागप्रमुख आणि मी निवृत्त बाई — गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवणारी!

“वीस तारखेला पहिला गुरुवार. तुम्ही पाहिजेच.”

“खुर्ची असेल तर येते.”

“शोधून ठेवलीय. स्टोअरमधी होती. एक पाय हलतो.”

तो तेव्हाही हलायचा.

अप्पारावांना सांगितलं. पेपर खाली ठेवून म्हणाले, “मग तुझे समदे अंक बांधून त्यांनाच देऊन टाकू. एकदाचं मोकळं व्हायचं.” नवरा आपणहून कामाला उठला. आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा.

५ नोव्हेंबर, बुधवार

माळ्यावरून अंक काढले. धूळ, झुरळं आणि तो वास — विलायती कागदाचा. नाक खुपसून बसले वेड्यासारखी.

आमचे अप्पाराव पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, धरणांचे नकाशे काढायचे. पण बायकोची जर्नलं बांधणं हा त्यांचा छंद. दर उन्हाळ्यात गेल्या वर्षाचे अंक घेऊन बसायचे. कापड शहागंजातून, दोरा तिथलाच. मैद्याची खळ माझ्याच पातेल्यात शिजवायची आणि कीड लागू नये म्हणून वर चिमूटभर मोरचूद. किती पातेली बाद केली त्या माणसानं! लायब्ररीनं रद्दीत काढलेले जुने अंकही उचलून आणून बांधले. पाठीवर सोनेरी अक्षरं स्वतः काढली, नकाशावर गावाचं नाव काढावं तशी.

गेलं वर्षभर मात्र दाभणाला हात लावला नव्हता. नुसतं बसून राहायचे. आज बसले. बोटं थरथरतात, पण टाका तसाच सरळ.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घरभर खळीचा वास. पोहे गेले नाहीत. तरी बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

१९८४चा खंड सापडला. माझा खंड.

तेव्हा जर्नल बोटीनं यायचं. जानेवारीचा अंक हातात पडेपर्यंत इकडे उन्हाळा. विभागाला एकच प्रत. वेष्टनावरची तिकिटं शिपाई आधीच काढून घ्यायचा. आत एक चिठ्ठी डकवलेली असायची, वाचून झालं की सही करायची. सर विभागप्रमुख म्हणून पहिले, मी सगळ्यांत धाकटी म्हणून शेवटची, आणि शेवटच्यानं लेख मांडायचा असा नियम. माझ्या हाती येईतो पानांवर सगळ्यांच्या चहाचे डाग. पण त्या अंकासाठी जीव टाकायचो आम्ही. औरंगाबादेत बसून जग काय विचार करतंय हे कळायला दुसरी खिडकीच नव्हती.

त्या वेळी पेशंटला जीव देण्याबद्दल कुणी थेट विचारत नसे. मनात नसेल तर आपणच घातल्यासारखं होईल, असं आम्हाला शिकवलेलं. आणि त्या अंकात कुणीतरी लिहिलं होतं की तसं होत नाही. विचारावं. विचारलं की माणसाला हलकं वाटतं. मी पाऊण तास इंग्रजीत मांडलं, आकडे सांगितले, फुशारून बसले.

सर उठले. कोपऱ्यातली हलणारी खुर्ची ओढून मधोमध ठेवली. म्हणाले, “हिच्यात सोयगावकडची एक बाई बसलीय. तिला विचार.”

मी म्हटलं, “आपल्या मनात आत्महत्येचे विचार येतात काय?”

“पंचनामा करतीस का?” सर म्हणाले. सगळे हसले. परत विचारलं, परत हसले. कान गरम झाले माझे. मग डोळे मिटून मी आईशी बोलते तसं बोलले. “आई, जीव नकोसा झालाय का? जीव द्यावा असं मनात येतं का?”

कुणी हसलं नाही.

तेव्हापासून खुर्ची सुरू झाली. लेख कुठलाही असो, शेवटी तो खुर्चीला सांगून दाखवायचा. खुर्चीला कळला नाही तर तुलाही कळलेला नाही, असं सर म्हणायचे. आणि आईला विचारावं तसं विचारलेलं माझं ते वाक्य विभागाचंच होऊन गेलं. मी कधी न पाहिलेली मुलं ओपीडीत अजून तेच विचारतात, असं संघपाल सांगतो. लोक बंगले बांधतात. माझी कमाई म्हणजे ते वाक्य.

अप्पारावांना वाचून दाखवलं हे. ऐकत होते की नाही कोण जाणे. चहा गार झाला होता पुढ्यातला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

श्रेयाचा पुण्याहून फोन. “आई, बाबांनी काल मला फोन केला. मी सातवीत असताना मारलं होतं ना, त्याची माफी मागितली. मला तर आठवतही नव्हतं. तू त्यांना कुणाला तरी दाखव.”

“मी आहे की.”

“तू बघतेस का पण त्यांच्याकडे?”

राग आला. चाळीस वर्षं लोकांच्या मनात डोकावतेय मी! म्हातारपणी माणसं हळवी होतात, त्याला आजार म्हणायचं तर सगळं शहर दाखल करावं लागेल. पहाटे उठून बसतात हे खरं, जेवण कमी झालंय हेही खरं. पण सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. लेकीनं लांबून निदान करायचं आणि आईनं ऐकायचं, म्हणजे उलटी गंगा. फोन आपटला नाही. पण ठेवला जरा जोरात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अप्पारावांनी मनगटावरचं घड्याळ पुतण्याला, शिवराजला दिलं. लग्नातलं घड्याळ! मी रागावले तर म्हणाले, “येळ बघून करायचंय काय आता मला?” निवृत्त माणसाचं बोलणं. शिवराज खूश.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर दोघं अंक लावत बसलो. मधे एक जाड पाकीट निघालं, पारदर्शक कागदांचं. प्रोजेक्टरवर ठेवून दाखवायच्या आकृत्या. सगळ्या अप्पारावांच्या हातच्या. बुधवारी संध्याकाळी मी पेन्सिलनं खरडून द्यायचे, ते शाईच्या पेननं रेघा मारून ठेवायचे. खोलीत सगळे म्हणायचे, सत्यभामाबाईंचा आलेख म्हणजे छापल्यासारखा. मी कधी सांगितलं नाही असं नाही, पण दर वेळी सांगितलं असंही नाही.

माझा पहिला लेख छापून आला, त्यातला आलेखही त्यांचाच. अंक आला त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले ह्यांनी, आणि लेख उघडून एकच ओळ वाचली — शेवटची, आभाराची. तिथं त्यांचं नाव होतं. मग कुठून कुठून पोस्टकार्डं यायला लागली. तुमच्या लेखाची एक प्रत पाठवा! तेव्हा तशी पद्धत होती. न पाहिलेला माणूस जगाच्या दुसऱ्या टोकावरून कार्ड टाकायचा आणि आपण लेख पाठवायचा. अप्पाराव भिंतीवरच्या नकाशात एकेक गाव शोधून टाचणी लावायचे. आज म्हटलं, आठवतं का? म्हणाले, “आठवतंय. चांगलं चाललं व्हतं आपलं.”

व्हतं? मी म्हटलं, अजून चाललंय की. हसले नुसते.

संध्याकाळी बँकेचं, विम्याचं, गॅसचं सगळं मला समजावून सांगितलं. तुला हे करता यायला पाहिजे, म्हणाले. मी टिंगल केली — चाळीस वर्षांनी बायकोवर विश्वास बसला वाटतं. ते परत पहिल्यापासून सांगायला लागले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटचा खंड बांधून झाला. ओळीनं मांडले तर कसे देखणे दिसतात! अप्पाराव शांत आहेत. इतके शांत कितीतरी महिन्यांत पाहिले नव्हते. श्रेयाला कळवलं — बघ, बरे आहेत तुझे बाबा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खोली तीच, पंखा नवा. भिंतीवर भला मोठा पडदा. खंड टेबलावर ठेवले तर मुलं फोटो काढायला लागली. एकीनं कापडावरून हात फिरवून विचारलं, “हे कुणी बांधलं?” माझ्या मिस्टरांनी, म्हटलं. ऊर भरून आला.

तीच मुलगी मांडणार होती. रूपा, पहिल्या वर्षाची. लेख परवाच ऑनलाइन आलेला, म्हातारपणच्या उदासीवर. आम्ही बोटीची वाट पाहायचो, आणि आता सोयगावात बसलेला डॉक्टरही तो निघाला त्या दिवशी वाचू शकतो. ह्यात वाईट काय आहे? मला उगाच नाक मुरडायची सवय. पोरीनं छान मांडला. पुरुष रडत नाहीत, मी उदास आहे असं म्हणत नाहीत, आणि घरचे फसतात. मी मान डोलावत होते. मान डोलावत!

संघपालनं खुर्ची पुढं ओढली. रूपा अडखळली. “सर, रिकाम्या खुर्चीशी काय बोलायचं?”

संघपालनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. म्हटलं, रिकामी नाही ती. तिच्यात कडूबाई बसलीय.

कडूबाईचं सरांनी कधी तोंडानं सांगितलं नाही, पण जुन्या लोकांना ठाऊक होतं. सोयगावकडची बाई. वॉर्डात होती, बोलेना, जेवेना. मग एका आठवड्यात एकदम शांत झाली. नवं लुगडं शेजारच्या बाईला दिलं, डबा दुसरीला. मला म्हणाली, “लई तरास दिला पोरी तुला, माफ कर.” आम्ही केसपेपरवर लिहिलं — सुधारणा. घरी सोडलं. मनात काय आहे हे कुणीच विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं असं शिकलो होतो. आणि विचारा म्हणून सांगणारा तो अंक तेव्हा बोटीत होता.

मुलांना हे सांगत होते मी. शांत झाली. वस्तू दिल्या. माफी मागितली. इथवर आले आणि थांबले. घड्याळ. श्रेया. बँक. हे मी कुणाचं सांगत होते?

“मग काय झालं मॅडम?” रूपानं विचारलं.

“गेली,” म्हटलं.

संघपालनं पाणी दिलं. त्याला वाटलं, कडूबाईच्या आठवणीनं. मी पर्स उचलली आणि निघाले. रिक्षावाल्याला तीनदा म्हटलं, जरा लवकर घ्या.

घराला कुलूप. ह्यांना फोन लावला तर तो आत वाजत होता, दाराबाहेर ऐकू येत होता. किल्ली भोकात जाईना. मी जिन्यातच बसले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार. लेकीला दिसलं, मला नाही दिसलं. किती माज होता मला!

मग जिन्यावर चपला वाजल्या. अप्पाराव. हातात रिकामी पिशवी. “अशी का बसली?” दाभण, दोरा, दाबयंत्र — सगळं औरंगपुऱ्यातल्या बाइंडरला देऊन आले होते. “चांगला माणूस हाय. त्याच्या कामी येईल. आपलं काम झालं आता.”

चहा केला, दोघांनी घेतला. ते बाल्कनीत जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरतेय, मधेच हे लिहितेय. हजारो अनोळखी लोकांना विचारलं, आणि ह्या एका माणसापुढं तोंड उघडत नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर खरं समजू का? हो म्हणाले तर? कडूबाईच्या वेळी लेख बोटीत होता. आज लेख हातात आहे, वाक्य तर माझंच आहे, आणि मी भेंडी चिरतेय.

पेन ठेवते. आत्ताच जाते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं. त्याच शब्दांत. “अहो, जीव नकोसा झालाय का? जीव द्यावा असं मनात येतं का?”

“व्हय,” म्हणाले.

रात्रभर त्यांच्याजवळून हलले नाही. सकाळी संघपाल स्वतः गाडी घेऊन आला, श्रेया पुण्याहून निघालीय. आता ओपीडीबाहेरच्या बाकावर आहोत. वही गुडघ्यावर, एक हात त्यांच्या हातात, अक्षर वाकडं येतंय.

काल “व्हय” म्हटल्यावर ते आणखी एक बोलले होते. “तू समद्या जिल्ह्याला इचारलं. म्हटलं, माझा नंबर कवा लागतो.”