चार्जिंगचा लाल दिवा

रविवार, १९ फेब्रुवारी १९८९, डोंबिवली

आज त्या लाल दिव्याने दिवसभर डोकं खाल्लं. अण्णांच्या जुन्या गाडीतला डायनॅमो काढून मी नवा अल्टरनेटर बसवला. पट्टा ताठ, वायरी तीनदा तपासल्या, तरी बॅटरी चार्ज होईना. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवाही लागत नव्हता. पण नुसता दिवा तो, त्याचं काय एवढं?

शेवटी कोपरहून पाटील इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो हसलाच. "अरे शेठ, त्या बल्बातूनच अल्टरनेटरला पहिला करंट जातो. डायनॅमोला बल्ब नसला तरी चालायचं. याला बल्ब नाय तर चार्जिंग नाय."

उघडून बघतो तर होल्डर रिकामा! कुठल्या गाढवाने काढला, असं मी मोठ्याने म्हणालो. मागे अण्णा उभे.

"मीच काढलेला. गाडी थांबली की लागायचा तो. तुझी आई घाबरायची. म्हणायची, आता गाडी पेटणार."

आईला जाऊन सहा वर्षं झाली. मला हे माहीतच नव्हतं. जीभ जरा आवरली असती तर?

नवा बल्ब लावला. चावी फिरवायला अण्णाच बसले, मी खिडकीशी उभा. लाल दिवा लागला. अण्णा डावीकडच्या रिकाम्या सीटकडे वळले आणि हळूच म्हणाले, "विझेल गं, आत्ता विझेल."

मग इंजिन चालू केलं. दिवा विझला, चार्जिंग सुरू झालं. अण्णा मात्र उतरेनात. मीही त्यांना उतरा म्हणालो नाही.