एका खाजेचा सूड

१० जानेवारी १९९४, कळंब
नवी रोजनिशी. पहिल्याच पानावर हे लिहायला लाज वाटते, पण वाचणार कोण? जिथं खाजू नये तिथं खाजतंय. लाल झालंय. बायकोला, गोजरबाईलाही तसंच. काल विचारलं तर सौ. म्हणाली, "मला काय इचारताय? तुमचंच दान हाय." बायका काहीही बोलतात.

१२ जानेवारी
इंदापूरच्या बाजारात वैद्यराजांचा तंबू. बाहेर पाटी: गुप्तरोग, परस्त्री-परपुरुषाचे फळ. वैद्यराजांनी नाडी धरून विचारलं, बाहेर गेला होता का? म्हणालो, उभी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर केली, दुसऱ्या बाईच्या पदराला शिवलो नाही. ते म्हणाले, "मग तात्या, रोग घरातनं आला."
खडीसाखर-मधाचं चाटण दिलं. चवीला उत्तम.
घरातनं म्हणजे?

१३ जानेवारी, सकाळ
म्हणजे आबाजी! शेजारचा. विधुर. स्वतःचं गुऱ्हाळ. रोज काकवीचा तांब्या घेऊन येतो आणि गोजर त्याच्याशी हसते. माझ्याशी शेवटची हसली ती लग्नाच्या वर्षी. गच्चीवर तिला चौथीच्या पुस्तकातली चांदण्यांची कविता म्हणून दाखवली होती. काय ते दिवस! कवितेला हसली की मला, हे विचारायचं राहिलं.
ठरलं. सूड.

१५ जानेवारी
सुडाची सुरुवात काव्याने; पारावर माझ्या कविता सगळं गाव ऐकतं.
"आबाजी रे आबाजी, तुझी कुजो गूळभेली,
माझ्या उंबऱ्याशी सांग तुझी चप्पल का गेली?"
पुढं जमेना. खाजेला यमकं मात्र भरपूर: लाज, माज, आज.

१९ जानेवारी
रात्रभर उठबस. सारखी लघवी. पेटलेल्या माणसाला झोप कुठली! पाणी पिऊन पिऊन घसा कोरडाच. सदरे सैल झालेत. मोहिमेआधी वीरही असेच सडसडीत होत असणार. ताकद टिकावी म्हणून चाटण वाढवलं. आबाजीची काकवीही खातो. शत्रूचंच खाऊन शत्रूला बुडवायचं, यात वेगळी गोडी आहे.

२६ जानेवारी
गोजर म्हणाली, "अवो, बारामतीला जाऊ. दोघंबी दाखवू. आजाराला कसली आलीय लाज?" निर्दोष बाई इतकी निर्लज्ज बोलेल का? मी गेलो नाही. तिनं अंथरूण उचलून माजघरात नेलं. म्हणाली, बरं झाल्याबिगर हिकडं फिरकू नका. पुरावा आणखी काय हवा!

४ फेब्रुवारी
ओढ्याकाठी खाजकुइली पिकलीय. शेंगेवरची लव अंगाला लागली की धडधाकट गडी नाचतो. आबाजीचं धोतर दुपारी गुऱ्हाळामागे वाळत असतं. उद्या. खाजेला खाज. याला म्हणतात काव्यात्म न्याय.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
मोहीम अर्धी यशस्वी. शेंगा रुमालात बांधून धोतरापर्यंत पोचलो. सांडल्या त्या वाटेत सांडल्या. तेवढ्यात ऊन लागलं. घाम आला. सवयीने रुमाल काढून तोंड पुसलं, मान पुसली.
आबाजी धावत आला. मला धरून खाजेवर उतारा म्हणून अंगभर शेण चोळलं. "तात्या, नाचताय कशापायी? लगीन हाय का कुणाचं?" मी तशातही गर्जलो की पाप्या, गोजरचं आणि तुझं मला सगळं कळलंय. त्यानं हातातलं शेण खाली टाकलं. म्हणाला, "आवो, वहिनी मला भाऊबीजेला ओवाळत्यात. आन् हसत्यात ते मी तुमच्या कविता म्हणून दाखवतो म्हणून."
माझ्या कविता. चालीसकट.
मग त्यानंच एम-८० वर मागं बसवून बारामतीला नेलं. मी वाटभर त्याच्या पाठीला धरून बसलो होतो, पण मनातून धरलं नव्हतं.
डॉक्टरांनी तोंड पाहिलं, मग वरचं सोडून खालचं पाहिलं. लघवी तपासली, रक्त तपासलं. म्हणाले, साखर भयंकर वाढलीय, त्यानं तिथं बुरशी धरलीय. बायकोला तुमच्याकडून लागली असणार. तिचा काही दोष नाही. गोड काय काय खाता?
मी म्हणालो, साखर खातच नाही. गूळ, काकवी आणि औषध.

६ फेब्रुवारी
आबाजीनं घरी सगळं सांगितलं. वाटलं, गोजर रडेल. ती भाकऱ्या थापत राहिली. शेवटची भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "जल्मात दुसऱ्याचं अंथरूण बघितलं न्हाय मी. त्ये तुमाला ठावं न्हाय व्हय?" मी कविता म्हणायला तोंड उघडलं. तिनं उलथनं उचललं.
दुपारी शेजारची बनाबाई आली. गोजरला म्हणाली, "ह्या वयात तुझ्यावर संशय! आमच्या मालकाला तर मी घरात हाय का न्हाय त्येबी कळंना." दोघी पोट धरून हसल्या. मी बाहेर ओसरीवर. संकल्प: गोजरची मनधरणी. अंथरूण लवकरच परत येईल. मी तिला ओळखतो.

१० फेब्रुवारी
दोघं एसटीने बारामतीला. डॉक्टरांनी दोघांना मलम दिलं. मला साखर उतरवायच्या गोळ्या, पथ्य, चालणं. म्हणाले, पूर्ण बरं होईपर्यंत दोघांनी जवळ यायचं नाही. मी गोजरकडे प्रेमळ, समजूतदार नजरेनं पाहिलं, की थोडे दिवस काढू.
ती डॉक्टरांना म्हणाली, "त्ये कायमचं लिवून देता का?"
डॉक्टर हसले. मीही हसलो.
येताना एसटीत ती खिडकीशी बसली. मधे पिशवी ठेवली. पिशवीत नुसतं मलम होतं, मांडीवरही मावलं असतं.