पाहुण्यांपुरता गॅस

दिग्रस, माघातला शुक्रवार

आई, फार दिवसांत तुला काही लिहिलं नाही, माफ कर. सुट्टीवर आलो आहे, दादाकडे, म्हणजे आपल्याच घरी.

मी जहाजाच्या इंजिनवर असतो एवढंच तुला माहीत होतं. तू गेल्यावर नियम कडक झाले. भर समुद्रात आम्ही जड, स्वस्त तेल जाळतो. काही किनाऱ्यांजवळ मात्र हद्द आखलेली आहे. तिच्या आत कमी गंधकाचं हलकं तेलच चालतं. बदल सावकाश करायचा असतो. जड तेल तापवलेलं, हलकं थंड. घाई झाली की पंप अडकतो आणि बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडू शकतं. मागच्या खेपेला सगळं नीट जमलं. वर येऊन पाहिलं तर धुराड्यावर काळं काही नव्हतं आणि समोर किनाऱ्यावरची घरं दिसत होती. समाधान वाटायला हवं होतं. मला तुझं स्वयंपाकघर आठवलं.

पाहुणे यायचे आहेत. तू चुलीतली पऱ्हाटी ओढून विझवतेस, पदराने डोळे पुसतेस, गॅस पेटवतेस. मी विचारतो, रोज काहून नाही पेटवत? तू म्हणतेस, "गॅस पाव्हण्यायसाठी हाय. आपण त घरचेच आहो." पाहुणे गेले की पुन्हा त्याच कपाशीच्या काड्या, पुन्हा धूर. शेवटच्या वर्षी तुला आडवं झोपता येत नव्हतं. ते धुरानेच झालं असं मी म्हणू शकत नाही; डॉक्टरांनीही तसं म्हटलं नव्हतं. पण समुद्रात हद्दीबाहेर, जिथे आम्ही काळा धूर सोडतो, तिथे माणसं कमी असतात. आपल्या घरात हद्दीबाहेर तू होतीस.

मी आल्यापासून वहिनी गॅसवर रांधतात. आज सकाळी मागच्या अंगणात धूर दिसला. माझं ताट आत झाकून त्या स्वतःची भाकर चुलीवर टाकत होत्या, खोकत. म्हणजे या घरात आता मी पाहुणा.

"वहिनी, हा खोकला कधीचा हाय?"

"धुराचा ठसका हाय, भाऊजी. लागते थोडासा."

"यवतमाळले छातीच्या डॉक्टरले दाखवू."

"कायले? तुमच्या जहाजात काय जाळता, मी इचारलं कधी? मंग माह्या चुलीत काहून डोकावून राह्यले?"

त्या हसल्या, आणि हसता हसता भिंत धरून उभ्या राहिल्या. श्वास परत यायला वेळ लागला. मी पाणी दिलं.

हे पत्र कुठे जायचं नाही. जे त्यांना तोंडावर सांगायचं ते तुला लिहितो आहे, कारण तू आता नाही म्हणणार नाहीस.

उद्या: वहिनींना घेऊन सकाळच्या एसटीने यवतमाळ.