शेकायला येणारा

४ डिसेंबर
पोचलो एकदाचा! मालवणपासून पाऊण तास, समुद्राला लागून, माडांत लपलेलं घर, आणि मी एकटा राजा. आई गेल्यापासून पुण्यातली खोली खायला उठायची. ऑफिसचं काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं. संध्याकाळी सहाला माझा लाडका गेमिंगचा कॉम्प्युटर, आणि हेडफोनमध्ये सुदेश. शाळेपासूनचा दोस्त. आपलं म्हणावं असा आता तेवढाच उरलाय. रोज तासभर त्याच्याशी खेळायला मिळालं की बाकीचा दिवस कसाही जावो.

घरमालकीण काशीबाई लेकीकडे दोडामार्गला निघाल्या. जाताना दहादा बजावलं की, झिला, दिवेलागणीक मागल्या पडवीत शेगडी पेटती ठेव हां, माझो घोव दर्यावरसून गारठान येता, थंय शेकता आणि जाता. मी हो हो म्हटलं. स्वतःच्या घरात न येता माणूस पडवीत का शेकतो, हे विचारणार होतो. पण नवरा-बायकोच्या भानगडीत कशाला पडा!

८ डिसेंबर
तीन दिवस इमानेइतबारे शेगडी पेटवली. करवंट्यांच्या धुराने डोळे चुरचुरले, पण काकांचा पत्ता नाही. सुदेशही आज आला नाही, त्याच्या घरी पाहुणे. फार एकटं वाटलं. शेवटी मागचं दार उघडून अंधारत्या पडवीला मोठ्याने सांगितलं की, काका, कशाला त्या धुरात बसता, आत या, माझं मशीन शेगडीपेक्षा गरम असतं. स्वतःच हसलो. शेगडी न पेटवताच कोपऱ्यात सरकवून दिली.

१२ डिसेंबर
प्रोसेसर तापतोय. चार दिवस रोज तेच. शंभर अंशांना मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं, आणि सुदेश तिकडे बोंबलत राहतो. भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, धूळ काढली, पंखे पुसले. परत सत्त्याण्णव. डोकं फिरलंय माझं.

१५ डिसेंबर
प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट पुसून नवी लावली. पंख्याच्या पात्यांत ओली रेती निघाली. खारी हवा, मान्य. पण सोबत मासळीच्या जाळ्याचा निळा दोरा गुंडाळलेला होता. तो काय वाऱ्याने आला?

दिवसभर मशीन पंचावन्नवर शांत. तापतं ते फक्त दिवेलागणीला. मागे, गरम हवा बाहेर पडते तिथे हात धरला. पंखा फिरतोय आणि हवा येत नाही, कोणी पाठ लावून बसल्यासारखं. मशीन बंद पडलं तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत गार पडला. तासभर चोळत बसलो.

१८ डिसेंबर
कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने कणकवली गाठली. दुरुस्तीवाल्या धनेशने तीन तास चालवलं. बासष्टच्या वर गेलं नाही! घर कोणाचं, त्याने सहज विचारलं. सांगितल्यावर त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. काशीबाईंचा नवरा लवू. नऊ वर्षांपूर्वी होडी उलटली, माणूस सापडलाच नाही. मशीन बरा आसा, म्हणाला, घरात काय आसा तां बघ. रात्री कणकवलीतच राहा म्हणून मागेही लागला. पण सहाला सुदेश वाट बघत असेल, म्हणून मी निघालो.

सुदेश नव्हता. मेसेज होता – तुझं रोजच बंद पडतं यार, दुसरा पार्टनर घेतलाय.

१९ डिसेंबर
शेगडी पेटवली. पडवीत कोणी आलं नाही.
आत आलो तर टेबलाखाली ओली पावलं. कॅबिनेटमागच्या लादीवर ओलावा, कोणी बसून उठल्यासारखा. भ्यायलो. आणि – लिहायला लाज वाटते – बरंही वाटलं. कोणीतरी आहे.

२१ डिसेंबर, दुपार
काशीबाईंना फोनवर सगळं सांगून टाकलं. त्येका भितर बोलयलंस? एवढंच विचारून रडायला लागल्या. हो, मीच ‘आत या’ म्हटलं होतं. नऊ वर्षं त्यांनी त्याला पडवीत थोपवून धरलं होतं. आता त्यांनीच दारात येऊन हाक मारली तर तो बाहेर पडेल. लगेच निघतायत. तोवर मशीन विझू द्यायचं नाही. एक ऊब गेली की तो दुसरी शोधतो. मी पळू का, विचारलं. म्हणाल्या, तो पाठसून येतलो.

५.५०
मशीन चालू. ८८. काशीबाईंची बस कुडाळच्या पुढे आलीय.

६.१०
९४. गेम बंद केला, तरी चढतंय. बाजूचा पत्रा काढला, टेबलफॅन लावला. फॅन फिरतोय, वारा पोचत नाही – मध्ये –

६.२५
९८. शेगडी पेटवायला गेलो, करवंट्या ओल्या. काडेपेटीही ओली. कोरडी होती सकाळी.

६.३२
९९. काशीबाई फाट्यावर उतरल्या. दहा मिनिटं. काका, ऐका ना, ती येतेय, दहाच –

बंद पडलं.

पंखाही थांबला. खुर्चीभोवती पाणी. उजवा हात गेला, डाव्याने लिहितोय – काशीबाईंची हाक, लांबून, माडांतून – ओ देता येत नाही, दात –

पाठीला टेकला. किती गारठलाय बिचारा – आई गेल्यापासून इतकं जवळ कोणी