दक्षिण उतारावरच्या झाडांची साल

कियाय झाडाच्या सालीतून मी वेगळं काढलेलं, लशीचा जोर वाढवणारं द्रव्य आता रोलांदो इतुर्रा याच्या एकट्याच्या नावावर नोंदलं गेलं आहे. माझी मुलगी हिमेना त्याच्याच कारखान्यात नोकरीला आहे. तिने रविवारी फोनवर ही बातमी पक्की केली. म्हणून मी, एर्सिलिया सेपुल्वेदा, निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार किरिवे, नोटरी आणि तीन साक्षीदारांसमोर, कोणाच्याही दडपणाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवते. बिघडलं आहे ते यकृत. डोकं शाबूत आहे.

१. घर, सामान आणि बँकेतली शिल्लक हिमेनाला. आमचा कायदा मुलांचा वाटा कापू देत नाही, आणि मीही तो कापला नसता. मात्र फोनवर ती म्हणाली, "आई, आभाराच्या यादीत आहे की तुझं नाव! आणखी काय हवंय?" हे मी माफ केलेलं नाही.

२. माझे पती नेल्सन वनरक्षक होते. उंदरांनी घाण केलेली खोली झाडताना त्यांना उंदरांपासून होणारा हंता विषाणूचा ताप लागला आणि ते गेले. त्या तापाची जी लस तयार होत होती, ती अंगाला पुरती लागू पडत नव्हती. तिला जोड शोधण्यातच माझी पुढची सगळी वर्षं गेली. नेल्सनचा छाटणीचा कोयता गावाच्या पाणी समितीला द्यावा. का, ते चौथ्या कलमात आहे.

३. रोलांदो प्रयोगशाळेत माझा जोडीदार होता. हिमेनाच्या बाप्तिस्म्यात तिचा धर्मपिता झाल्यापासून तो मला 'कोमाद्रे', म्हणजे धर्मलेकीची आई, म्हणतो. माझ्या टेबलावर पाव आणि अवोकाडो खाताना म्हणायचा, "कोमाद्रे, कागदांची कटकट तुला कशाला? तू झाडं बघ, कचेऱ्या मी बघतो." कचेऱ्या त्याने फारच छान बघितल्या.

त्याला माझी सालीचं पाणी हलवून बघायची काचेची बाटली द्यावी. आमच्याकडे आज्या कियायच्या सालीने केस धुवायच्या, त्यामुळे जो तो सालीची पारख फेसावरून करतो. कारखान्यासाठी रोलांदोनेही सर्वांत फेसाळणारी झाडं निवडली. फेसावर जाऊ नकोस असं मी बजावलं, तर हसला. "फेस कधी खोटं बोलत नाही, कोमाद्रे!" फेस भरपूर आला, लशीला जोर काही आला नाही. आता बाटली हलवत बसावं.

४. कामाचं द्रव्य माझ्या दक्षिण उतारावरच्या, सावलीत सावकाश वाढलेल्या झाडांत आहे. त्याच फोनवर हिमेनाने रोलांदोचा निरोप दिला, "उतार विकून टाक ना, आई." कायदा मला मालमत्तेचा एक चतुर्थांश भाग मर्जीप्रमाणे देऊ देतो. त्यात हा उतार पाणी समितीला. साल छाटलेल्या फांद्यांचीच काढावी, खोडाला पातं लावू नये. हंताची लस करणाऱ्या कोणालाही ती नाकारू नये, रोलांदोलाही नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे, तापाने फणफणणाऱ्या पोरांशी नाही.

मात्र ज्याला साल हवी, त्याने स्वतः फाटकाशी यावं आणि हे द्रव्य कोणी शोधलं, ते समितीसमोर मोठ्याने सांगावं. मगच फाटक उघडावं.

सप्टेंबरात इथे वसंत लागतो आणि साल सुटू लागते. तेव्हा मी बहुधा नसेन, पण रोलांदोचा ट्रक येईल. त्याच्या शेजारी हिमेना बसलेली असेल. तिनेही खाली उतरावं.

सही: एर्सिलिया सेपुल्वेदा
साक्षीदार: ओर्फेलिना काब्रेरा, पाणी समितीच्या अध्यक्ष, दानिलो मुन्योस, शेजारी, ग्रासिएला पिंतो, परिचारिका
किरिवे, चिले. १४ जुलै २०२३